मँडरिन म्हणजे आपला मंत्रीच, पण अर्थ सचिवाचा

इंग्रजी पेपर वाचणाऱ्याला हा शब्द अधूनमधून भेटतोच. साउथ ब्लॉकचे मँडरिन्स, फायनान्स मिनिस्ट्रीचे मँडरिन्स, बातमी लंडनची असेल तर व्हाइटहॉलचे मँडरिन्स. संदर्भावरून कळतं की कुणीतरी बडे सरकारी अधिकारी आहेत, पण शब्द चिनी वाटतो, आणि मग चीनच्या भाषेचं नाव, एका संत्र्याचं नाव आणि दिल्लीतल्या सेक्रेटरीचं नाव एकच कसं काय, हा प्रश्न तिथेच राहून जातो. माझी भाची दादरला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिनेच विचारलं होतं की मावशी हा शब्द चीनमधून आला ना? म्हटलं नाही गं, हा आपल्याकडून गेलाय. मँडरिन म्हणजे संस्कृतातला मंत्री.

आता हे ऐकलं की लगेच वाटतं की हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावा असणार, जगातले सगळे शब्द संस्कृतातूनच आले वगैरे. तसं नाहीये. ही व्युत्पत्ती इंग्रजीच्या मोठमोठ्या कोशांत दिलेली आहे, १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो जाडजूड कोश काढला त्यातही मूळ शब्द मंत्रीच धरलाय, आणि मधले सगळे टप्पे इतिहासात नीट दिसतात. तेच एकेक करून सांगते, कारण मला यातली खरी मजा शब्द कुठून निघाला यापेक्षा तो पोचेपर्यंत त्याचा माणूस कसा बदलला यात वाटते.

आधी आजचा अर्थ बघू. सरकारी कामाच्या संदर्भात मँडरिन म्हणजे वरच्या पदावरचा, कायम नोकरीतला, निवडून न आलेला अधिकारी. तिन्ही गोष्टी लागतात. तलाठ्याला किंवा ऑफिसातल्या क्लार्कला कुणी मँडरिन म्हणत नाही, आणि मंत्र्याला तर अजिबातच नाही, उलट इंग्रजी बातमीत मिनिस्टर एका बाजूला आणि मँडरिन दुसऱ्या बाजूला अशीच मांडणी असते, की मिनिस्टरला अमुक करायचं होतं पण मँडरिन्सनी अडवलं. ब्युरोक्रॅट हा शब्द जास्त ढोबळ आहे, तो फ्रेंच ब्युरो म्हणजे लिहायचं टेबल यावरून आला आणि टेबलामागे बसलेल्या कुणालाही चालतो. मँडरिन मात्र टेबलांच्या उतरंडीत सगळ्यात वरचा. शिवाय शब्दात थोडी टोचणी असते. हा माणूस हुशार आहे, कठीण परीक्षा देऊन आलाय, पण लोकांपासून लांब आहे, त्याची भाषा जड आहे, आणि सरकारं येतात जातात तरी हा जागेवरच असतो, असं सगळं त्या एका शब्दात येतं. फ्रान्समध्ये हाच शब्द युनिव्हर्सिटीतल्या आणि मेडिकल कॉलेजातल्या दबदबा असलेल्या प्रोफेसरांना लावतात, १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात तर तो चांगलाच गाजला होता.

बरं, आता मुळाकडे.

संस्कृतात मंत्र म्हणजे फक्त देवापुढे म्हणायचा मंत्र नाही. मन् म्हणजे विचार करणे या धातूपासून तो आला, त्याच घरातले मन, मत, मनन, आणि राजकारणात मंत्र म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला, तोही गुप्त. मराठीत हा अर्थ अजून जिवंत आहे, आपण म्हणतो ना अमक्याने तमक्याला कानमंत्र दिला, तिथे कुणी जप करत नसतं, कानात सल्ला देत असतं. मंत्रणा पण तीच. म्हणजे मंत्री हा मुळात सल्ला देणारा, हुकूम सोडणारा नाही. हुकूम राजाचा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि ते आजही वाचण्यासारखं आहे. राजाने किती मंत्र्यांशी मसलत करावी? तर तीन किंवा चार. एकच असेल तर अवघड प्रश्नात निर्णय लागत नाही आणि तो एकटा मंत्री मनमानी करतो, दोन असतील तर दोघं एक होऊन राजाला गुंडाळतात नाहीतर आपसात भांडून त्याचा नाश करतात. आणि मसलतीची जागा अशी हवी की तिथे पक्षीसुद्धा डोकावता कामा नये, कारण म्हणे पूर्वी पोपट आणि मैनांनी मसलत फोडल्याचं ऐकिवात आहे. पगारही दिलाय, मंत्र्याला ४८,००० पण, म्हणजे पुरोहित, सेनापती आणि युवराज यांच्या बरोबरीने, सगळ्यात वरचा स्केल. बंद दाराआड सल्ला देणारा, बातमी फुटू न देणारा, भरपूर पगाराचा माणूस. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

हा शब्द इथून व्यापाऱ्यांबरोबर, ब्राह्मणांबरोबर, बौद्ध भिक्खूंबरोबर समुद्रापलीकडे गेला. सुमात्रा, जावा, मलाया इथल्या राजांनी राज्यकारभाराचे शब्द संस्कृतातून घेतले, राजा, महाराजा, प्रधान, आणि मंत्री. जावातल्या मजापहित साम्राज्यात मंत्री ही पदवी सर्रास दिसते. मलय भाषेत त्याचं मेंतरी झालं. १५ व्या शतकात मलाक्का हे त्या भागातलं सगळ्यात मोठं बंदर, तिथे गुजराती, तमिळ, अरब, जावानीज, चिनी सगळे व्यापाराला यायचे, आणि बाजारात एकमेकांशी मलय बोलायचे. कुठल्याही देशाचा अधिकारी असो, बाजारच्या भाषेत तो मेंतरी.

१५११ मध्ये आफोन्सो द अल्बुकर्कने मलाक्का जिंकलं. पोर्तुगीजांना चीनबद्दलची पहिली नीट माहिती मिळाली ती इथे, मलय बोलणाऱ्या लोकांकडून, त्यामुळे चीनमधले साहेब लोकही त्यांनी मलय शब्दानेच ओळखले. तोमे पिरेश नावाचा एक औषधवाला होता, तो आधी आपल्या मलबार किनाऱ्यावर आला, मग मलाक्काला काही वर्षं राहिला, आणि १५१७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजदूत म्हणून चीनमधल्या कँटनला जाऊन धडकला. पुढे चिनी दरबाराशी बिनसलं, त्याला कैद झाली आणि तो परत कधी आलाच नाही. या काळातल्या पोर्तुगीज लिखाणात तो मेंतरी मांदारिम होऊन बसलेला दिसतो, आणि तिथून १६ व्या शतकाच्या शेवटी शेवटी तो इंग्रजीत पोचला.

मेंतरीच्या त चा द कसा झाला हे महत्त्वाचं आहे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पोर्तुगीज भाषेत मांदार म्हणजे हुकूम देणे, पाठवणे. अधिकारी हुकूम देतो, शब्द जवळजवळ सारखा, त्यामुळे त्यांच्या जिभेवर परक्या मेंतरीने आपल्या ओळखीच्या मांदारचं रूप घेतलं. इतकं की पुढच्या पिढ्यांना वाटायला लागलं की हा शब्द मांदारवरूनच बनलाय. मातेओ रिची हा जेझुइट पाद्री चीनमध्ये जवळजवळ तीन दशकं राहिला, १६१० साली बीजिंगला वारला, त्याच्या नोंदींवरून जो ग्रंथ निघाला त्यातही असंच म्हटलंय की पोर्तुगीज लोक इथल्या अधिकाऱ्यांना मँडरिन म्हणतात, बहुधा हुकूम देण्यावरून. एवढा विद्वान माणूस, चिनी भाषा कोळून प्यायलेला, पण त्याच्यासमोर मलय दुवा नव्हता त्यामुळे त्याने जे जवळचं दिसलं ते धरलं.

दुसरी चुकीची व्युत्पत्ती चिनी लोकांमध्ये फिरते आणि आता आपल्याकडच्या व्हिडिओंमध्येही ऐकू येते. मान दा रेन, म्हणजे मांचू साहेब. चिंग हे चीनचं शेवटचं राजघराणं मांचू वंशाचं होतं, त्यांच्या अधिकाऱ्यांना असं म्हणायचे आणि परदेशी लोकांनी त्याचं मँडरिन केलं, असं सांगतात. ऐकायला अगदी फिट्ट बसतं. पण मांचूंनी बीजिंग घेतलं १६४४ मध्ये, आणि पोर्तुगीज लोक त्याच्या शंभरएक वर्षं आधीपासून मांदारिम लिहीत होते. तारखा बघितल्या की विषय संपतो. चिनी भाषेत अधिकाऱ्याला शब्द आहे ग्वान, त्याचा मँडरिनशी आवाजाने काही संबंध नाही.

मुंबईकराला ही पोर्तुगीज जीभ काही परकी नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली, पुढे १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांकडे गेली पण वसई १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत, त्यांच्याकडेच होती. त्या दोनशे वर्षांत पाव, बटाटा, चावी, बादली, साबण, इस्त्री, लिलाव आणि पगार हे शब्द आपल्या घरात येऊन बसले. सरकारी नोकराचा पगार पोर्तुगीज आणि इंग्रजांचा मँडरिन मूळचा आपला, दोन्ही शब्दांची ने-आण करणारे तेच खलाशी.

आता चीनमधले मँडरिन. इथे मला थोडं थांबून सांगायचंय कारण या शब्दाला आज जो अर्थ आहे तो सगळा या लोकांमुळे आलाय.

चीनमध्ये अधिकारी व्हायचं तर परीक्षा. सुरुवात सुई घराण्यात, साधारण इसवी सन ६०० च्या सुमारास, मग तांग आणि सोंग काळात ती पद्धत पक्की झाली आणि शेवटी १९०५ मध्ये बंद केली, म्हणजे तेराशे वर्षं, मधे काही खंड धरूनही. आधी जिल्ह्याची परीक्षा, मग दर तीन वर्षांनी प्रांताची, मग राजधानीत, आणि शेवटची महालात खुद्द बादशहाच्या नावाने. प्रांताच्या परीक्षेसाठी शहरात वेगळं आवार असायचं, नानजिंगच्या आवारात वीस हजारांवर कोठड्या होत्या. कोठडी म्हणजे काय, तीन बाजूंनी भिंत, पुढून उघडी, आत दोन फळ्या. दिवसा एक फळी वर सरकवली की टेबल, एक खाली की बाक, रात्री दोन्ही शेजारी लावल्या की झोपायला पलंग, त्यावरही पाय लांब करता यायचे नाहीत. उमेदवार आपलं अंथरूण, शाई, ब्रश, खाणं सगळं घेऊन आत जायचा, दारात झडती, आणि मग तीन दिवस दोन रात्री तिथेच. असे तीन पेपर.

पेपर तपासण्याची पद्धत तर बघाच. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचे हे ठीक, पण अक्षरावरून ओळखू येऊ नये म्हणून सोंग काळापासून कारकून ती सगळी उत्तरपत्रिका पुन्हा उतरवून काढायचे आणि परीक्षकासमोर ती नक्कल जायची. हजार वर्षांपूर्वी! विषय मात्र कन्फ्युशियसचे ग्रंथ, त्यावर निबंध, कविता. पूल कसा बांधायचा, हिशोब कसा ठेवायचा हे त्यात जवळजवळ नाही. आणि समान संधी म्हणावी तर बायकांना बसताच यायचं नाही, काही धंद्यांतल्या घराण्यांना बंदी, शिवाय वर्षानुवर्षं पुस्तकं घेऊन बसायला घरात पैसा लागायचाच. चिंग काळात तर पैसे भरून पदवी विकत घ्यायची सोयही होती. तरीही एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा वरपर्यंत जाऊ शकतो ही आशा त्या देशाने शतकानुशतकं धरून ठेवली ती या परीक्षेच्या जोरावर, आणि केसं पिकेपर्यंत परत परत बसणारे लोकही तेवढेच होते. हे वाचताना मला आपल्याकडची अभ्यासिकेतली मुलं दिसतात, पहिला अटेम्प्ट, दुसरा अटेम्प्ट, मग घरचे विचारायला लागतात.

पास झालेल्यांच्या नऊ श्रेणी. कोण कुठल्या श्रेणीचा हे अंगावरच दिसायचं, झग्याच्या छातीवर आणि पाठीवर भरतकाम केलेला चौकोन असायचा. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला जनावर. चिंग काळात पहिल्या श्रेणीला करकोच्यासारखा क्रौंच, तिसरीला मोर, सहावीला बगळा, आणि अगदी खाली नववीला स्वर्गीय नर्तक. तोच तो लांब पांढऱ्या शेपटीचा पक्षी, जो हिवाळ्यात संजय गांधी उद्यानात दिसला की फोटोग्राफर लोक धावतात. टोपीच्या टोकावरचा मणीसुद्धा श्रेणीप्रमाणे बदलायचा. आणि नियम असा की स्वतःच्या प्रांतात पोस्टिंग नाही. नातेवाईक, जमीनजुमला, ओळखीपाळखी यांपासून लांब, अनोळखी मुलखात, दर काही वर्षांनी बदली. पोस्टिंग झालेल्या साहेबाला तिथली बोली यायची नाही, लोकांना साहेबाची यायची नाही.

या अडचणीतूनच भाषेच्या नावाचा उलगडा होतो. देशभरातून आलेले हे अधिकारी आपसात बोलायचे ती राजधानीच्या वळणाची एक सामायिक बोली, तिचं चिनी नाव ग्वानह्वा, म्हणजे अधिकाऱ्यांची बोली. युरोपियन लोकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, मँडरिनांची भाषा, आणि पुढे नुसतं मँडरिन. चिनी लोक स्वतः तिला मँडरिन म्हणत नाहीत, चीनमध्ये तिचं नाव पुतोंगह्वा म्हणजे सर्वसामान्य भाषा, तैवानमध्ये ग्वोयू म्हणजे राष्ट्रभाषा. संत्र्याचं तसं सरळ सांगता येत नाही, कुणी म्हणतात अधिकाऱ्यांच्या झग्याच्या पिवळ्या-नारिंगी रंगावरून, कुणी म्हणतात फळ चीनहून आलं म्हणून, पण युरोपात १८ व्या शतकात ते नाव रूढ झालं. आणि आपलं नागपूरचं संत्रं वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने मँडरिनच आहे, सैल सालीचं, फोडी सहज सुटणारं. उभ्या कॉलरच्या कुर्त्यालाही ऑनलाइन मँडरिन कॉलर लिहिलेलं असतं ते याच लोकांच्या कपड्यावरून.

आता चीनमधला हा शब्द लंडनच्या साहेबाला कसा चिकटला, तर परीक्षेच्या वाटेने. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत कंपनी सरकारची नोकरी वशिल्याची होती, लंडनच्या डायरेक्टरांनी ज्याचं नाव दिलं तो पोरगा १८०६ साली काढलेल्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकून इकडे यायचा. १८५३ च्या चार्टर अ‍ॅक्टने हा वशिला मोडला आणि १८५५ पासून इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी खुली स्पर्धा परीक्षा लंडनमध्ये सुरू झाली. ब्रिटनमधल्या नोकरशाहीसाठीही १८५४ मध्ये नॉर्थकोट आणि ट्रेव्हेल्यन यांनी परीक्षेचीच शिफारस केली. त्या वेळच्या वादात चीनचं उदाहरण सारखं यायचं, बाजूच्यांकडूनही आणि विरोधकांकडूनही, की आपण काय आता चिन्यांसारखे परीक्षा घेऊन साहेब बनवणार का. कंपनीच्या लोकांनी कँटनला शंभराहून जास्त वर्षं व्यापार केला होता, ती पद्धत त्यांना चांगली माहीत होती. तेव्हा परीक्षा देऊन कायमचा खुर्चीवर बसलेला, जड भाषेत लिहिणारा अधिकारी म्हणजे मँडरिन हे नाव चिकटायला वेळ लागला नाही.

परीक्षा खुली होती पण लंडनला. इथल्या मुलाने बोटीने जायचं, परक्या देशात तयारी करायची, लॅटिन-ग्रीकला भरपूर मार्क असलेला पेपर द्यायचा. त्यातून १८६३ मध्ये पहिला भारतीय पास झाला, सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. बंगालचे असून त्यांना नेमणूक मिळाली ती मुंबई इलाख्यात, सगळी नोकरी इकडेच झाली आणि शेवटी साताऱ्याला जज्ज म्हणून रिटायर झाले. पुढे १८७० च्या दशकात वयाची कमाल मर्यादा १९ वर आणून ठेवली, म्हणजे इथल्या मुलाला जवळजवळ अशक्यच. परीक्षा इथे घ्या ही मागणी काँग्रेसच्या सुरुवातीपासूनची, ती मान्य होऊन इथेही परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं.

आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये लंडनच्या या परीक्षेत पहिले आले. मध्य प्रांतात नोकरी केली, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, म्हणजे इंग्रजी अर्थाने पक्के मँडरिन. मग १९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं, १९५२ ला ते कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर निवडून आले, आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिसल्यावर राजीनामा दिला. मँडरिन आणि मंत्री या दोन्ही खुर्च्यांवर बसलेला आणि मंत्र्याची खुर्ची मुंबईसाठी सोडलेला हा माणूस आपला आहे, हे नवीन मुलांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

आता मूळ मुद्दा. शब्द निघाला तेव्हा मंत्री, पोचला तेव्हा सचिव. मधल्या काळात आपल्याकडेही मंत्री हे नाव फिरत राहिलं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये फारसी पदांना संस्कृत नावं दिली तेव्हा वाकनिसाचा मंत्री झाला आणि सुरनिसाचा सचिव. मंत्र्याकडे महाराजांच्या रोजच्या कामकाजाची नोंद, सचिवाकडे राजपत्रं तपासणं, मजकूर शुद्ध आहे ना बघणं. दोघंही नेमलेले. निवडून येणारा मंत्री ही गोष्ट इंग्रजी राज्यपद्धतीबरोबर आली, मिनिस्टर शब्दाला आपण मंत्री लावला, आणि गंमत म्हणजे लॅटिनमध्ये मिनिस्टरचा अर्थ सेवक, हाताखालचा माणूस.

मंत्रालयाच्या इमारतीचंच बघा. इंग्रजांचं जुनं सेक्रेटरिएट ओव्हल मैदानासमोर, १८७४ चं, जिथे आता कोर्ट भरतं. स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात नवी इमारत बांधली तिचं नाव सचिवालय. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, सत्तरच्या दशकात, ते बदलून मंत्रालय केलं, की कारभार लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचा आहे हे नावात दिसावं. जुने मुंबईकर अजूनही सचिवालयच म्हणतात, बसमध्ये ऐकाल.

पण आत फाईल कशी फिरते? क्लार्क टिपणी मांडतो, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव, अशी ती वर वर जाते, प्रत्येक जण आपलं मत लिहितो, आणि मंत्र्यांपुढे जाते तेव्हा खाली लिहिलेलं असतं, मान्यतेस्तव सादर. मंत्री होय किंवा नाही म्हणतात किंवा शेरा मारतात. मग जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघतो. एखादा जीआर डाउनलोड करून शेवटचं पान उघडा. तिथे लिहिलेलं असतं, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने, आणि त्याखाली सही कुणाची? मंत्र्यांची नाही. उपसचिव, अवर सचिव, कधी कक्ष अधिकारी. घटनेच्या १६६ व्या कलमात आहे की सरकारचा प्रत्येक आदेश राज्यपालांच्या नावे निघेल, आणि त्यावर सही करायचा अधिकार या अधिकाऱ्यांना दिलेला असतो. घटनेच्या १६३ व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळाचं काम राज्यपालांना सहाय्य आणि सल्ला देणं, म्हणजे कागदावर मंत्री अजूनही कौटिल्याचाच सल्लागार. पण निवडणूक जिंकून आल्यामुळे निर्णय खरा त्यांचा असतो, आणि बंद दाराआड, टिपणीतून, नियम दाखवून, धोके सांगून सल्ला द्यायचं मूळचं मंत्र्याचं काम सचिवाकडे गेलंय. इंग्रजीने मंत्री हा शब्द सचिवाला दिला तो नकळत बरोबर माणसाला दिला, असं माझं मत आहे.

आणि म्हणून पेपरात मँडरिन्सनी अडवलं असं वाचलं की लगेच अधिकाऱ्यांना शिव्या घालू नका. कधी कधी तो अडवणारा शेरा म्हणजे कुणीतरी कायदा आठवून दिलेला असतो, आणि कधी कधी खरंच नुसती आडमुठेगिरी असते, ते त्या त्या फाईलवर ठरतं. मंत्री ऐकत नसतील तर अधिकाऱ्याने आपलं मत लेखी मांडून ठेवणं ही त्याच्या नोकरीची इज्जत आहे, आणि ते करणारे अधिकारी आपल्याकडे आहेत.

जाता जाता या शब्दाची बाकीची भावंडं. मलेशियात पंतप्रधानाला आजही पर्दाना मेंतरी म्हणतात, दोन्ही शब्द आपले, प्रधान आणि मंत्री, आणि सुलतान असलेल्या राज्यांच्या मुख्यमंत्र्याला मेंतरी बसार, म्हणजे मोठा मंत्री. थायलंडमध्ये मंत्री म्हणजे रत्थमोंत्री, राष्ट्र अधिक मंत्री, आणि पंतप्रधान नायोक रत्थमोंत्री, नायोक म्हणजे नायक. इंडोनेशियात मात्र त्याच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. सरकारातला मंत्री तो मेंतरी, पण नुसतं मंत्री म्हटलं तर खेड्यातला छोटा सरकारी माणूस. डच राज्यात देवीची लस टोचायला गावोगाव जो जायचा, ज्याला आपल्याकडे देवी डॉक्टर म्हणायचे, तो तिकडे मंत्री चाचार, आणि आजही जावातल्या खेड्यात कुणी आजारी पडलं आणि डॉक्टर लांब असला तर इंजेक्शन द्यायला ज्या पुरुष नर्सला बोलावतात त्याला मंत्रीच म्हणतात.